आधी आपल्या दिलालाही विचारा

मागच्या महिन्यात शाळेत पालकसभा झाली. सभा संपली, पालक पांगले, मी हजेरीची वही आवरत होते. एक आई मात्र दाराशीच उभी राहिली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा. दहावीनंतर मुलीला सायन्सला घालू की कॉमर्सला? तिचे अब्बा कुवेतहून एक सांगतात, दीर दुसरं सांगतात, मोबाईलवरचे लोक तिसरंच सांगतात. मला तर काही कळतच नाही."

मी विचारलं, "आणि तुम्हाला काय वाटतं?"

ती गोंधळली. हा प्रश्न तिला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नसावा. "मला? माझं काय, मी सातवी शिकलेली." मग थोडं थांबून हळूच म्हणाली, "पण घरात कुणी आजारी पडलं ना मॅडम, की औषधाच्या वेळा तीच लक्षात ठेवते. शेजारच्या आजींना इन्सुलिनचं इंजेक्शन तीच देते. हात कापत नाही तिचा."

जे दिराला, यूट्यूबवाल्याला आणि मलाही माहीत नव्हतं, ते या आईला माहीत होतं. पंधरा वर्षं तिनं त्या मुलीला रोज पाहिलं होतं. तरी "मला काही कळत नाही" हेच ती सगळ्यांना सांगत फिरत होती. घरी परतताना माझ्या मनात आलं, आपल्यापैकी किती जणी, आणि किती पुरुषसुद्धा, असंच जगतात. दुसऱ्याच्या शब्दावर भरवसा आणि स्वतःच्या अनुभवावर संशय. म्हणून या वेळी याच विषयावर बोलू या. आतला आवाज म्हणजे काय, तो कधी ऐकायचा, कधी ऐकायचा नाही, आणि तो न ऐकल्यामुळे चूक झालीच तर स्वतःशी कसं वागायचं.

अम्मांचं ज्ञान

माझं सासर चिपळूणचं. सासूबाईंना आम्ही सगळे अम्मा म्हणतो. अम्मा तिसरीपर्यंत शिकल्या. 21 जुलै 2021 च्या रात्री पाऊस कोसळत होता. आमच्याकडे पावसाळ्यात पाऊस कोसळतोच, त्यात नवल काही नाही. शेजारी म्हणत होते, सकाळपर्यंत ओसरेल. मी दुसऱ्या दिवशीच्या ऑनलाइन तासाची तयारी करून झोपायच्या बेतात होते. अम्मा मात्र पुन्हा पुन्हा मागच्या दाराशी जात होत्या. शेवटी म्हणाल्या, "उठ. तांदूळ वर ने, कागदपत्रं वर ने, कुरआन शरीफ वर ने. आज पाणी येणार."

मी म्हणाले, "अम्मा, कशावरून?"

"मला सांगता येत नाही. पण माझं मन ऐकत नाही."

मनात थोडी चिडचिड करतच मी सामान वर नेलं. पहाटेनंतर वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारात शिरलं. दुपारपर्यंत आमच्या खालच्या खोलीत पंखा तेवढा पाण्याबाहेर होता. चिपळूणकरांना तो 22 जुलै वेगळा सांगायला नको. गादी, कपाट, फ्रीज सगळं गेलं. पण माणसं वर होती, कागदपत्रं वर होती आणि दोन आठवडे पुरतील इतके तांदूळ वर होते.

चिखल उपसून झाल्यावर मी अम्मांना खोदून खोदून विचारलं. तेव्हा हळूहळू उलगडलं. मागच्या गटारातलं पाणी पुढे जायचं थांबून उलटं घराकडे चढत होतं. पाण्याला मातीचा वास होता. नेहमी पावसात भुंकणारी कुत्री त्या रात्री गल्लीत दिसत नव्हती. हे सगळं त्यांनी 26 जुलै 2005 च्या पुराआधीही पाहिलं होतं. पाहिल्याचं शब्दांत आठवत नव्हतं, मनाला मात्र आठवत होतं.

या गोष्टीचा अभ्यासही झाला आहे. गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आग विझवणाऱ्या जवानांचे प्रमुख निर्णय कसे घेतात, ते तपासलं. त्याला दिसलं की अनुभवी माणूस आगीसमोर उभा राहून चार पर्यायांची तुलना करत बसत नाही. त्याला एक गोष्ट आतूनच खटकते किंवा पटते. पुढे 2009 मध्ये क्लाइन यांनी डॅनियल कानेमन यांच्यासोबत एक लेख लिहिला. कानेमन हे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ आणि माणसाच्या अंदाजांवर सहज विश्वास न ठेवणारे. दोघांचं एकमत झालं ते असं: आतला अंदाज दोन अटींवर भरवशाचा असतो. ज्या गोष्टीचा अंदाज करायचा तिला काहीतरी नियम असला पाहिजे, आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे कळत कळत आपण बराच काळ शिकलेलो असलो पाहिजे. म्हणून नदीकाठच्या बाईचा पुराबद्दलचा अंदाज ऐकावा. लॉटरीच्या आकड्याबद्दल कुणाचाच ऐकू नये. स्वतःच्या लेकराबद्दल आईला जे आतून वाटतं, त्यामागे हजारो दिवसांचं पाहणं असतं. त्याला "बायकांचं काहीतरीच" म्हणून झटकू नये.

आपल्या इतिहासातही हे आहे. 6 हिजरीत हुदैबियाचा तह झाला. उमरा न करताच परतायचं ठरलं होतं. सहाबा इतके खिन्न झाले होते की कुर्बानी करा, केस उतरवा असं प्रेषितांनी (स.) सांगूनही कुणी उठेना. प्रेषित (स.) तंबूत आले आणि हजरत उम्मे सलमा (रजि.) यांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी सुचवलं की आपण कुणाशी काही बोलू नये, बाहेर जाऊन आधी स्वतः कुर्बानी करावी आणि केस उतरवून घ्यावेत. प्रेषितांनी (स.) तसंच केलं आणि सगळे लोक उठले. दुखावलेली माणसं हुकमानं उठणार नाहीत, डोळ्यांसमोर पाहिल्यावर उठतील, ही समज त्या बीबींजवळ होती. त्यांनी ती बोलून दाखवली, आणि ती ऐकली गेली. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

दिलाचा फतवा आणि त्याची हद्द

आतल्या आवाजाचा दुसरा अर्थ म्हणजे सद्सद्विवेक. इमाम नववी यांच्या प्रसिद्ध चाळीस हदीसच्या संग्रहात हजरत वाबिसा (रजि.) यांची हदीस आहे. ते नेकी आणि गुनाह म्हणजे काय हे विचारायला आले होते. त्यांना सांगितलं गेलं की आपल्या दिलाला विचार. ज्यावर मन आणि दिल निवांत होतं ती नेकी. जे छातीत सलत राहतं तो गुनाह, मग लोकांनी काहीही फतवा दिला तरी.

पण ही हदीस अर्धीच ऐकून चालत नाही. जिथं हलाल-हराम स्पष्ट आहे, तिथं दिलाचा कौल घ्यायचा नसतो. व्याज घ्यायला माझं मन राजी आहे, असं म्हणून व्याज हलाल होत नाही. बहिणीचा वारसाहक्क दाबताना भावाला काही सलत नसेल, तर दोष हदीसचा नाही. न सलण्याइतकं ते मन निबर झालं आहे. दिल हा आरसा आहे असं आपले बुजुर्ग म्हणतात. धूळ बसली की आरसाही खोटं दाखवतो.

म्हणून आतून आलेला प्रत्येक आवाज शहाणपणाचा नसतो. कुरआननं नफ्सच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत, त्या इथं फार उपयोगी पडतात. सूरह यूसुफमध्ये वाईटाकडे ओढणाऱ्या नफ्सचा, अम्माराचा उल्लेख आहे. सूरह कियामहमध्ये स्वतःला दोष देणारा नफ्स, लव्वामा. सूरह फज्रमध्ये समाधान पावलेला नफ्स, मुत्मइन्ना. पहिला म्हणतो, कर, कुणाला कळतंय. दुसरा म्हणतो, हे तू काय केलंस? तिसरा शांत असतो. आपल्या आत तिघंही बोलतात, आणि बोलणारा कोण आहे हे ओळखणं हाच खरा अभ्यास.

माझ्यापुरती मी एक खूण शोधली आहे. वसवसा घाई करतो, एकच वाक्य घोळवतो आणि शेवटी मला घाबरवून सोडतो. हाव सबबी फार देते. पण खरा आतला आवाज सहसा हळू आणि थोडका असतो. तो एकदा बोलून गप्प होतो, चार दिवसांनी पुन्हा तेच बोलतो. आणि बऱ्याचदा तो मला गैरसोयीचं काहीतरी सांगत असतो.

इमल्याची वही

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका मुलाच्या नुकसानातून कळलं. ती गोष्ट आज लिहायचं ठरवलं आहे.

2016 साल. नववीच्या वर्गाला मी उर्दू शिकवत होते. एक मुलगा आठवीपर्यंत चांगला होता. खाडीकाठच्या गावातून चालत यायचा. नववीत त्याचे गुण घसरले. इमला घेताना तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचा. मी दोनदा पाहिलं. मला आठवतं, पहिल्या वेळीच माझ्या आत काहीतरी बोललं होतं: हा नक्कल करणारा मुलगा नाही. मी बोलताना तो मान एका बाजूला वळवतो, हेही मला दिसत होतं. एकदा जवळ बसवून विचारावं असं मनात आलं. पण त्या दिवसांत ऑनलाइन माहिती भरायची घाई होती, वरून रोज फोन येत होते. उद्या विचारू म्हटलं. आठवड्यानं पुन्हा तेच मनात आलं, पुन्हा उद्यावर ढकललं.

तिसऱ्या वेळी तो डोकावताना दिसला तेव्हा मी भर वर्गात त्याची वही उचलली. "नक्कल करून पास व्हायचंय? लाज नाही वाटत?" मुलं हसली. तो उभा राहिला, काही बोलला नाही. त्यानंतर तो इमल्याच्या दिवशी शाळेत येईनासा झाला. नववीला नापास झाला आणि जूनमध्ये आलाच नाही.

पुढे बाजारात त्याची आई भेटली. म्हणाली, "तो मुंबईला गेला मामूकडे, दुकानात. मामूनं डॉक्टरला दाखवलं. दोन्ही कान वाहायचे ना त्याचे, पडद्याला भोकं पडलीत. वर्षभर त्याला नीट ऐकूच येत नव्हतं. आम्हाला वाटायचं, पोरगं मुद्दाम ओ देत नाही."

मी भाजीची पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले. इमला म्हणजे ऐकून लिहिणं. ज्याला ऐकू येत नव्हतं, तो शेजाऱ्याच्या वहीत पाहणार नाही तर काय करणार? आणि मी त्याला चोर ठरवलं होतं.

दोष देणारा आवाज

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी स्वतःला सोडलं नाही. नमाजला उभी राहिले की ती वही दिसायची. बी.एड. करून काय उपयोग, तू शिक्षिका होण्याच्या लायकीची नाहीस, असं आतून रोज ऐकू यायचं. मला वाटे, हाच माझा जमीर, हीच माझी तौबा. जितकं टोचून घेईन तितकी खरी पश्चात्तापी.

गंमत अशी की या टोचणीचा त्या मुलाला काडीचाही फायदा होत नव्हता. उलट वर्गात मी भित्री झाले. कुणाला काही बोलायचं म्हटलं की हात मागे घ्यायचे. एका रात्री अम्मांनी मला रडताना पाहिलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोराकडे गेलीस?"

"नाही."

"मग दोन वर्षं रडतेयस कुणासाठी?"

त्या प्रश्नानं माझे डोळे उघडले. आलिमांनी तौबेच्या अटी स्पष्ट सांगितल्या आहेत. चुकीचा पश्चात्ताप व्हावा, ती चूक सोडावी, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा, आणि माणसाचा हक्क बुडाला असेल तर तो त्याला परत करावा, माफी मागावी. यात स्वतःला रोज फटके मारत राहणं कुठेही नाही. अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका, हे तर सूरह जुमरमध्ये स्वतःवर अत्याचार केलेल्या बंद्यांनाच उद्देशून सांगितलं आहे. ज्यानं माफीचं दार उघडं ठेवलं आहे, त्याच्या दाराशी उभं राहून मी स्वतःच कडी लावून बसले होते.

पुढच्या सुट्टीत मी मुंबईला गेले. तो दुकानात कापडाचे तागे उचलत होता. मला पाहून गडबडला. मी म्हणाले, "बेटा, त्या दिवशी मी चुकले. तू नक्कल करत नव्हतास. मी विचारायला हवं होतं." तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकट्या नव्हत्या. अब्बाही मारायचे. मीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरांनी बहिरा म्हणून नाव ठेवलं असतं."

हे ऐकून माझं ओझं उतरलं असं नाही. जड झालं, पण उचलता येईल असं झालं. पुढे सरकारी रुग्णालयात त्याच्या एका कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. शाळेत तो परत आला नाही. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसला. इंग्रजी राहिलं, ते पुरवणी परीक्षेत निघालं. दुकान सांभाळतो. ईदला फोन करतो.

आणि वर्गात मी एक काम सुरू केलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी मुलांच्या पाठीमागे उभी राहते आणि हळू आवाजात अंक म्हणते, कधी उर्दूत, कधी मराठीत. ऐकू आलं तर हात वर. मुलांना तो खेळ वाटतो. एखादा हात उशिरा वर जातो, किंवा जातच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, पण ज्याला तपासायला हवं ते मूल नेमकं त्या दिवशी गैरहजर असू शकतं. शिक्षिका रोज असते. पालकांनाही सांगते: मूल टीव्हीचा आवाज वाढवत असेल, "काय?" असं सारखं विचारत असेल, कान वाहत असेल, तर त्याला दटावण्याआधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. वाहणाऱ्या कानात लसणाचं गरम तेल घालू नका.

स्वतःवर दया म्हणजे लाड नव्हे

स्वतःला माफ केलं तर माणूस बेफिकीर होईल, अशी भीती अनेकांना वाटते. मलाही वाटत होती. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या क्रिस्टिन नेफ यांनी 2003 पासून या विषयाचा अभ्यास मांडला. त्यांच्या मते स्वतःवरच्या दयेचे तीन भाग आहेत. चूक झाल्यावर स्वतःशी कठोर न होता समजुतीनं बोलणं. चुका सगळ्याच माणसांकडून होतात हे लक्षात ठेवणं. आणि दुःख जेवढं आहे तेवढंच पाहणं, झाकूही नये आणि फुगवूही नये. 2012 मध्ये बर्कलीच्या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शब्दांच्या अवघड परीक्षेत अपयश आलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःशी दयेनं वागायला सुचवलं, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. वीस वर्षं मुलांसोबत घालवल्यावर मला यात आश्चर्य वाटत नाही. टोमणा खाल्लेलं मूल वही लपवतं. धीर दिलेलं मूल वही उघडून चूक दाखवतं. आपलं मनही तसंच आहे.

बुखारी शरीफमध्ये हजरत सलमान (रजि.) आणि हजरत अबू दर्दा (रजि.) यांचा प्रसंग आहे. प्रेषितांनी (स.) त्या दोघांना भाऊ बनवलं होतं. सलमान (रजि.) भेटायला गेले तर अबू दर्दा (रजि.) दिवसभर रोजा आणि रात्रभर नमाज, घराकडे लक्षच नाही. सलमाननी (रजि.) त्यांना जेवायला लावलं, रात्री झोपायला लावलं, आणि रात्रीच्या शेवटच्या भागात दोघांनी मिळून नमाज पढली. मग समजावलं की तुमच्यावर रबचा हक्क आहे, तसाच तुमच्या जिवाचा हक्क आहे आणि घरच्यांचाही. प्रेषितांना (स.) हे कळलं तेव्हा ते म्हणाले की सलमान खरं बोलले. इबादतीतसुद्धा जिवाचा हक्क बुडवायचा नाही, तर घरकामात, नोकरीत आणि अपराधाच्या भावनेत तो बुडवायची परवानगी आपल्याला कुणी दिली?

रोजच्या जगण्यात

वाचक भगिनी विचारतील, की हे सगळं ठीक, पण करायचं कसं? मी जे करते ते सांगते.

पहिली गोष्ट, फज्रनंतर दहा मिनिटं मोबाईलला हात लावत नाही. जानमाजवरच बसते. दिवसभर इतके आवाज कानावर पडतात की आपला आवाज ऐकायला थोडी शांत जागा लागते. त्या दहा मिनिटांत एकच प्रश्न विचारते: माझ्या मनात कुठली गोष्ट पुन्हा पुन्हा येते आहे आणि मी ती उद्यावर ढकलते आहे?

दुसरी गोष्ट, एक छोटी वही. आतून काही वाटलं की तारखेसह दोन ओळी लिहायच्या. "आज वाटतं, अमुक मुलगी घाबरलेली आहे." महिन्याभरानं वही उघडायची आणि खरं किती ठरलं ते पाहायचं. यातून मला कळलं की मुलांबद्दलचे माझे अंदाज बरेचदा बरोबर येतात, पैशांबद्दलचे बरेचदा चुकतात. आता पैशांचं मी माझ्या नणंदेला विचारते, ती बँकेत आहे. स्वतःवर भरवसा ठेवणं म्हणजे आपण कुठे कच्चे आहोत हेही ठाऊक असणं. त्याच वहीनं मला आणखी एक लाजिरवाणी गोष्ट दाखवली. एका वस्तीतल्या मुलांबद्दल मला आतून जे "वाटायचं", तो निव्वळ पूर्वग्रह होता. तोही आतल्या आवाजाचे कपडे घालून येतो.

तिसरी गोष्ट, मशवरा आणि इस्तिखारा. इस्तिखाऱ्याबद्दल आपल्या घरांत गैरसमज फार आहेत. कुणीतरी बुजुर्गानं आपल्यासाठी इस्तिखारा करावा, मग स्वप्नात हिरवं दिसलं तर होय आणि लाल दिसलं तर नाही, असं लोक समजतात. हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेखच नाही. ज्याचं काम आहे त्यानंच दोन रकात नफ्ल पढून दुआ करायची, की यात माझं भलं असेल तर सोपं कर, नसेल तर दूर ठेव आणि जे भलं आहे त्यावर मला राजी कर. म्हणजे तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईलाही मध्यस्थाची गरज नाही. माहिती गोळा करावी, जाणत्याला विचारावं, दुआ करावी आणि मग पाऊल टाकावं. पाऊल चुकलं तरी ते आपण प्रामाणिकपणे टाकलं होतं, एवढा आधार उरतो.

चौथी गोष्ट, चूक झाल्यावर स्वतःशी बोलण्याची भाषा. मी स्वतःला विचारते, हीच चूक माझ्या वर्गातल्या मुलीनं केली असती तर मी तिला काय म्हटलं असतं? "गाढवा, तुझ्याकडून काही होणार नाही" म्हटलं असतं का? नाही. "बस, पाणी पी, आता काय दुरुस्त करता येईल ते पाहू" असं म्हटलं असतं. तेच मी स्वतःला म्हणते, खरोखर पाणी पिऊन.

आणि एक गोष्ट निक्षून सांगते. "तू कुणाच्या कामाची नाहीस, तू नसलेलीच बरी" असा आवाज जर आठवडेच्या आठवडे पाठ सोडत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर तो आतलं शहाणपण नव्हे आणि ईमानची कमजोरीही नव्हे. तो आजार असू शकतो. आजारावर इलाज करा, ही आपल्या प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. घरातल्या सुनेनं किंवा मुलानं असं काही सांगितलं, तर "नमाज पढ, बरं वाटेल" एवढ्यावर थांबू नका. नमाज पढावीच, आणि दवाखान्यातही न्यावं.

परवा ती पालकसभेतली आई पुन्हा भेटली. मी काही सांगायच्या आत म्हणाली, "मॅडम, मुलीलाच विचारलं. तिला नर्सिंगला जायचंय. मग मीच तिच्या अब्बांना फोन लावला." मी विचारलं, "काय म्हणाले?" ती हसली. "आधी रागावले. मग म्हणाले, तू तिला रोज पाहतेस, तुला जास्त माहीत. पण नर्सिंगला बारावी सायन्स लागतं का, ते शाळेत विचारून ये."

ती तेच विचारायला आली होती. मी तिला खुर्ची दिली आणि आम्ही दोघी प्रवेशाची माहितीपुस्तिका उघडून बसलो.